विश्लेषण : एडिनबराचे ‘फ्रिंज’ जुईनगरच्या हौशी संघाला परवडेल का?

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा दरवर्षी ऑगस्टमध्ये नाटकवाल्यांच्या ताब्यात जाते. तीन हजारांहून अधिक कार्यक्रम आणि २६ लाखांच्या घरात तिकीटविक्री असा या ‘फ्रिंज’ महोत्सवाचा अलीकडचा पसारा. तिथे कोणीही प्रयोग करू शकतो, असे सांगितले जाते. मग जुईनगरमधील, सोसायटीच्या हॉलमध्ये तालमी करणाऱ्या संघालाही ते दार खुले आहे का?

निवड कोण करते?

कोणीच नाही. १९४७ मध्ये एडिनबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाट्यसंघ निमंत्रण नसताना आले आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग केले. फ्रिंजची सुरुवात ती. १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली, पण ती कार्यक्रमपत्रिका छापते, तिकिटे विकते. नाटके निवडत नाही. ज्याला जागा मिळाली, तो आत. कलाकारांच्या व्हिसासाठीही ब्रिटनच्या नियमांत सवलत आहे. यादीतील महोत्सवांत पाहुणा म्हणून येऊन मानधन घेता येते आणि फ्रिंज त्या यादीत आहे.

मग अडते कुठे?

पैशापाशी. जागेचे भाडे किंवा तिकीटविक्रीतला वाटा, नोंदणी, विमानप्रवास आणि ऑगस्टमध्ये आभाळाला भिडलेली घरभाडी. हे सगळे संघाने स्वतःच उभे करायचे. अनेक संघ तोटा सोसून परततात. ‘फ्लीबॅग’सारखे २०१३ मध्ये तिथे गाजून पुढे मालिका झालेले प्रयोग विरळाच. स्थानिक कलाकारही सुखात नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘क्रिएटिव्ह स्कॉटलंड’ने वैयक्तिक कलाकारांचा निधी बंद करण्याची घोषणा केली, मोठा विरोध झाला, आणि सरकारी पैशाची हमी मिळाल्यावर तो पुन्हा सुरू झाला. थोडक्यात, निवड समिती नसली तरी चाळणी आहेच. ती खिशाची आहे.

मराठी नाटक तिथे बसेल?

मध्यंतरात बटाटावडा खाण्याची सोय असलेले दोन अंकी नाटक नाही बसणार. एका जागेत दिवसभर वेगवेगळे प्रयोग लागतात; एकेकाला साधारण तासभर मिळतो आणि नेपथ्य लावायला-काढायला काही मिनिटेच. पण पुरुषोत्तम करंडकापासून एकांकिका स्पर्धांत वाढलेल्या आपल्या मुलांना घड्याळावर नजर ठेवून सेट लावण्याची सवय असतेच. भाषेचा प्रश्न मात्र उरतो. तो पडद्यावरच्या इंग्रजी ओळींनी पूर्ण सुटत नाही.

सेन्सॉरचे काय?

ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत नाटकांची संहिता लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून मंजूर करून घ्यावी लागे. एडिनबराचे ट्रॅव्हर्स थिएटर १९६३ मध्ये सभासदांचा क्लब म्हणून सुरू झाले. खासगी क्लबांना त्या काळी या जाचातून वाट मिळे. नव्या नाटककारांचे ते आजही हक्काचे घर आहे. आपल्याकडे ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंगांना न्यायालयात जावे लागले, ते त्यानंतरचे. पूर्वपरवानगीच्या नियमांना अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

त्यामुळे जुईनगरच्या संघाला एडिनबरात संहिता कोणालाही दाखवावी लागणार नाही. तोच प्रयोग दोन स्थानके पलीकडे, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात तिकीट लावून करायचा, तर आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र हवे.