प्रश्न उद्भवत नाही

विधानसभेच्या तारांकित प्रश्नांची छापील यादी ज्याने कधी वाचली असेल, त्याच्या डोक्यातून तिची भाषा जात नाही. अमुक खात्याचे मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? एक, सांगोले (जि. सोलापूर) तालुक्यात अमुक घडले आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? आणि खाली उत्तर. एक, हे खरे नाही. दोन, प्रश्न उद्भवत नाही.

सरकारी कागदावर गाव 'सांगोले'. बोलताना सगळेच सांगोला म्हणतात. या गावाचे नाव सरकारच्या कागदावर पुन्हा पुन्हा लिहायला लावणारा माणूस म्हणजे गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबा. १९६२ साली ते पहिल्यांदा विधानसभेत गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य दोन वर्षांचे होते, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि सभागृहात २६४ आमदार होते. २०१९ मध्ये वयाच्या कारणाने त्यांनी निवडणूक लढवायचे थांबवले तेव्हा आमदार २८८ झाले होते आणि विधान भवन नरिमन पॉइंटला जाऊनही तीन-साडेतीन तपे उलटली होती. मधले दोन खंड सोडले तर पन्नास वर्षांहून अधिक काळ एकच मतदारसंघ, एकच पक्ष आणि बहुतेक वेळा विरोधी बाकच.

सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा देशातला विक्रम त्यांच्या नावावर टाकायची आपल्या वर्तमानपत्रांना सवय होती. तो तसा नाही. करुणानिधी तेरा वेळा निवडून आले, केरळचे के. एम. मणी तर एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा. आबा अकरा वेळा. मला हा आकडा मोठा वाटतो तो वेगळ्या कारणाने. ज्या जिल्ह्यात साखर कारखाना हाताशी असल्याशिवाय राजकारण उभे राहत नाही असे म्हणतात, तिथे उसाचा पत्ता नसलेल्या तालुक्यातून, शेतकरी कामगार पक्षासारख्या दर निवडणुकीला आक्रसत गेलेल्या पक्षाच्या तिकिटावर हे घडले.

त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षण वकिलीचे. त्यामुळे प्रश्न कसा बांधायचा हे त्यांना शिकवावे लागले नसावे. प्रश्नोत्तराचा तास हा बाहेरून वाटतो तसा मोकळा अखाडा नाही. प्रश्न बरेच दिवस आधी द्यावा लागतो. तो खात्याकडे जातो, खाते जिल्ह्याला विचारते, जिल्हा तालुक्याला. मग उत्तर उलट्या वाटेने वर चढत मंत्र्याच्या हातात येते. सभागृहात तोंडी चर्चेला मोजकेच प्रश्न पोचतात, बाकीच्यांची उत्तरे पटलावर. पण या रहाटगाडग्यात एक गोष्ट होऊन जाते. मुंबईत कोणी विचारले म्हणून सांगोल्यातला कारकून फाईल उघडतो. कालव्याच्या टेलला पाणी पोचले नाही, हे तोंडी ऐकून सोडून देता येते. लेखी विचारल्यावर लेखीच द्यावे लागते. खरी मजा उपप्रश्नात. छापील उत्तर खात्याने लिहिलेले असते, उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतः उभे राहावे लागते. तालुका पायाखालून घातलेला सदस्य समोर असेल तर 'माहिती घेऊन सांगतो' याखेरीज त्याच्यापाशी फार काही उरत नाही. हे वाक्य नोंदले गेले की ते आश्वासन होते, आणि आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची वेगळी समितीच असते.

टेलची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. नीरा उजवा कालवा माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याकडे येतो. वरच्या अंगाला ऊस. आवर्तन सुटले की पाणी आधी वरच्यांना मिळते, शेपटाकडे येईतो कालव्यात ओल तेवढी उरते. नकाशावर मात्र सांगोला 'लाभक्षेत्रात' आहे. प्रादेशिक अनुशेष मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हा हे मोजमापाचे एकक धरले. जिल्ह्याच्या सरासरीत अकलूजचा ऊस आणि सांगोल्याची कुसळे एकत्र कालवली गेली की कुसळे दिसेनाशी होतात. पश्चिम महाराष्ट्र सधन, हे एकदा ठरले की तिथल्या दुष्काळी तालुक्याचा प्रश्न खरोखरच उद्भवत नाही.

या माणसाच्या कारकिर्दीतला मला सर्वात चटका लावणारा योग १९७२ चा. त्या वर्षी आबा निवडणूक हरले, आणि त्याच वर्षी तो दुष्काळ आला. खडी केंद्रे, सुकडी, पाझर तलावांच्या मातीत राबणारी गावेच्या गावे. ज्या वेळी सभागृहात सांगोल्याचा आवाज सर्वात जास्त हवा होता, त्या वेळी आबा सभागृहाबाहेर होते. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी पुढे १९७७ च्या कायद्यात उतरली आणि १९७९ पासून अमलात आली. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. मग मजुरी थकली का, मस्टर कुठे आहे, काम बंद का केले, असे प्रश्न विचारायला सदस्यांना कायद्याचाच आधार मिळाला.

आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात पणन आणि रोजगार हमी ही खाती आबांकडेच आली. त्याआधी १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारातही ते मंत्री होते. विचारणारा उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर बसला. त्यांच्या खात्याच्या उत्तरांखालीही 'प्रश्न उद्भवत नाही' टाइप झालेच असणार, कारण कारकुनाचा हात मंत्री बदलला म्हणून बदलत नाही. ते वाचताना आबांना काय वाटले असेल, याचे कुतूहल मला फार आहे. २००२ मध्ये शेकापने सरकारचा पाठिंबा काढला आणि विरोधी बाक पुन्हा हक्काचा झाला.

सगळे सभागृहात होत नाही, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. १९९३ पासून आटपाडीत दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा एका मंचावर. मागणी अशी की कृष्णेचे पाणी उचलून द्या आणि भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाला त्यात वाटा द्या. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. पाणी अडवले नाही तर हक्क सांगणार कशाच्या जोरावर? १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झाले, टेंभू आणि म्हैसाळच्या उपसा योजनांना जोर आला. मग निधी आटला, पंप आले पण वीजबिल कोणी भरायचे यावर अडले, आणि २०१२ मध्ये सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली तोवर सांगोल्यात पुन्हा जनावरांच्या चारा छावण्यांची वेळ जवळ आली होती.

त्यांच्यावरचा एक आक्षेप मला टाळता येत नाही. तालुक्यातल्या हॉटेलांत तो उघड बोलला जायचा: आबा सत्तेच्या पक्षात गेले असते तर पाणी वीस वर्षे आधी आले नसते का? कदाचित आले असते. शेजारच्या तालुक्यांचे दाखले देता येतात. १९९५ ला ते १९२ मतांनी पडले, त्यात या प्रश्नाचाही हात असावा. पण सत्तेतून आलेले पाणी सत्ता गेली की वळवता येते. दप्तरात चाळीस वर्षे लेखी साचलेली मागणी पुसून टाकणे जड जाते. माझे मत आबांच्या बाजूने पडते, पण छावणीत जनावर बांधून बसलेल्या माणसाला मी ते पटवायला जाणार नाही.

एसटीत एका आसनावर आमदारांसाठी राखीव असल्याची पाटी रंगवलेली असते. आपण तिथे बिनधास्त बसतो, कारण आमदार एसटीने येत नाही हे आपल्याला माहीत असते. आबा एसटीने येत. सोलापूर आगारातल्या जुन्या वाहकांना त्याचे अप्रूपही राहिले नव्हते.

२०१९ मध्ये त्यांचा नातू ७६८ मतांनी हरला. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात आबा गेले. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या आमदाराने गुवाहाटीच्या हॉटेलातून केलेल्या एका फोनमुळे, त्यातल्या झाडीमुळे आणि डोंगारामुळे, सांगोल्याचे नाव घराघरांत पोचले. अकरा निवडणुकांनी जे झाले नव्हते ते एका क्लिपने केले. २०२४ ला जागा पुन्हा शेकापकडे, देशमुखांच्याच घरात आली. नीरा उजव्याचे आवर्तन सुटले की टेलचे शेतकरी अजूनही रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतात.