भिंतीला ठिगळ नको, रफू हवं!

पाऊस सरून नवरात्र जवळ आलं, की आपणा साऱ्याजणींच्या घरात एक विषय हमखास निघतो – भिंतींचा. माळे आवरून होतात, डबे घासून होतात. पण बैठकीच्या कोपऱ्यातले पोपडे आणि न्हाणीघरामागच्या भिंतीवरचा तो ओलसर नकाशा काही डोळ्यांआड होत नाही. मग ‘दोन दिवसांत चकाचक करून देतो, वहिनी’ असं म्हणणारा कुणीतरी येतो. पोपडे खरवडतो, वर सिमेंटचा हात फिरवतो, लांबी भरतो, रंग देतो. दिवाळीत भिंत खरोखर आरशासारखी दिसते. आणि पुढच्या आषाढात तोच नकाशा, त्याच जागी, थोडा मोठा होऊन परत येतो! पैसे जातात ते जातातच; वर ‘तू घरातच होतीस ना, तुझं लक्ष नव्हतं?’ हेही आपणच ऐकून घ्यायचं.

मैत्रिणींनो, लक्ष असतं. पण ते कुठे द्यायचं हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायका जागोजागी दिसतात, पण थापी हाती धरलेली बाई क्वचितच. त्यामुळे ही विद्या आपली नव्हे, असं आपण धरून चालतो. खरं तर ती समजायला मुळीच अवघड नाही.

आधी रोग, मग औषध

शाळेत मुलं गणित चुकलं की फक्त उत्तर खोडतात, रीत तशीच ठेवतात. पोपड्यावर रंग देणं हे अगदी तसंच आहे. पोपडा हा रोग नव्हे, लक्षण आहे. पाणी येतं कुठून? भिंतीतला नळ झिरपतो आहे, न्हाणीघराच्या फरश्यांचे सांधे उघडे पडले आहेत, बाहेरच्या भिंतीला तडा आहे, की गच्चीत पाणी तुंबतं आहे? ते थांबल्याशिवाय आतून केलेलं कोणतंही काम टिकणार नाही. वरच्या मजल्यावरून गळती असेल, तर आधी शेजाऱ्यांशी बोलायला हवं. गोड बोलून, पण बोलायला हवं!

ओल आतून आहे की केवळ दमट हवेची, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. फूटभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि एक-दोन दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला दव साचलं, तर पाणी भिंतीतूनच येत आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं, तर दोष हवेचा. तिथे खिडक्या उघड्या ठेवणं हाच उपाय.

मिठासारखी पांढरी भुकटी दिसली, तर पाण्याबरोबर विटा-सिमेंटमधले क्षार बाहेर येत आहेत असं समजा. ती कोरड्या कुंचल्याने झाडावी. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून पुन्हा आत मुरतात.

टिचकी मारून पाहा

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना? भिंतही तशीच वाजवून बघायची. टणक आवाज आला तर गिलावा विटेला धरून आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर तो सुटला आहे. दिसणाऱ्या पोपड्याच्या चहूबाजूंनी वाजवत जा आणि जिथवर आवाज बद्द येतो तिथवर खडूने रेघ मारा. ही रेघ बहुधा पोपड्यापेक्षा मोठी निघते. वरवरचं काम करणारा फक्त पोपडा काढतो. जाणकार रेघेपर्यंतचा सगळा गिलावा काढतो.

छत असं वाजलं, किंवा त्यातून गंजलेल्या सळया दिसू लागल्या, तर मात्र हयगय नको. त्याखालचा मुलांचा पलंग आजच हलवा. लोखंड गंजलं की जास्त जागा व्यापतं आणि काँक्रीट फोडून बाहेर ढकलतं. तिथे गवंडी पुरेसा नाही. इमारतीचं बांधकाम जाणणारा इंजिनिअरच बोलवावा.

दुरुस्तीची खरी रीत

सुटलेला गिलावा पार विटेपर्यंत काढायचा, विटांमधले सांधे थोडे खरवडून घ्यायचे, धूळ झाडायची आणि भिंत पाण्याने भिजवायची. कोरडी वीट नव्या गिलाव्यातलं पाणी शोषून घेते, मग सिमेंट नीट धरत नाही. आतल्या भिंतीसाठी साधारण एक भाग सिमेंट आणि सहा भाग चाळलेली वाळू हे प्रमाण, आणि जाडी बारा ते पंधरा मिलिमीटर. माल थोडा थोडा कालवावा आणि पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात संपवावा. सुकू लागलेला माल पुन्हा पाणी घालून सारखा करणारा कारागीर दिसला, तर तिथेच थांबवा. शिळ्या कणकेची पोळी एक वेळ लाटता येईल, सिमेंटचं तसं नाही.

नंतर किमान सात दिवस दिवसातून दोन-तीन वेळा पाणी मारायचं. हे काम आपल्यावरच येतं, आणि टाळलं जातं तेही हेच! मग भिंत पूर्ण वाळू द्यायची, आणि त्यानंतरच लांबी, प्रायमर आणि रंग. लांबीचे पातळ दोन हात द्यावेत. खड्डे बुजवायला ती नाहीच.

ठिगळ आणि रफू यांत फरक काय? रफूत कड दिसत नाही. इथेही तसंच. जुन्या-नव्याच्या सांध्यावर लांबी हाताने पसरत पसरत पातळ करत न्यायची, आणि घासल्यावर दिवा भिंतीच्या अगदी कडेने धरून बघायचा. उंचवटा असेल तर सावली पडतेच. घासताना मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा आणि घासणाऱ्याने नाका-तोंडाला फडकं बांधावं.

तडे आणि इतर गोष्टी

काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे सरळ उभा तडा जातो, कारण दोन्ही वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. तिथे सांध्यावर बारीक तारेची जाळी बसवून गिलावा केला तर तो टिकतो. तिरका तडा असेल, तर दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. तडा खुणेपुढे गेला, तर इंजिनिअरला दाखवा.

जुन्या वाड्याच्या माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू नका. ती भिंत श्वास घेते. सिमेंटने ओल आत कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. तिथे चुनाच हवा. प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओलीच्या जागी वापरू नये, ते मऊ पडतं.

हल्ली बऱ्याच घरांत जिप्सम बोर्डाचं छत असतं. त्याला भोक पडलं तर नुसता लगदा भरून चालत नाही. खराब भाग चौकोनी कापून, मागे आधाराची पट्टी लावून, मापाचा तुकडा स्क्रूने बसवायचा. सांध्यावर जाळीची पट्टी, आणि त्यावर भरणीचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा.

कारागिराशी बोलताना

काम देण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारा. पाणी कुठून येतं ते शोधलंत का? गिलावा कुठपर्यंत काढणार? रंग किती दिवसांनी देणार? जो ‘आधी भिंत वाळू द्या, बाई’ म्हणेल, त्याला काम द्या, आणि त्याने दोन पैसे जास्त मागितले तरी घासाघीस करू नका. त्याच्या हातातलं कौशल्य वर्षानुवर्षांचं असतं, आणि स्वस्तातली दुरुस्ती दरवर्षी करावी लागते. मजुरीचा थोडा भाग भिंत वाळेपर्यंत राखून ठेवायचा, हे मात्र आधीच ठरवून घ्या. नंतर सांगितलं की वाद होतो.

यंदाच्या दिवाळीला भिंत वाळली नसेल, तर ती तशीच राहू द्या. हवा तर तिच्यापुढे एखादा पडदा लावा, पण वारा लागेल असा. पाहुणे फराळाला येतात, भिंत तपासायला नाही!