पहिलटकरणीचा सव्वा महिना

पहिलटकरीण हा शब्द आपल्या भाषेत मोठ्या मायेने उच्चारला जातो. तिचे डोहाळे पुरवावयाचे, ओटी भरावयाची, बाळंतपणाला माहेरी न्यावयाचे, ही आपली रीत. परंतु जिची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्या मुलीने काय करावे? हा प्रश्न आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. शेवटच्या पाळीपासून मोजल्यास दिवस भरावयास सुमारे ४० आठवडे लागतात. पहिल्या खेपेस पोटातील हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास कळते. पुढच्या खेपेस ती लवकर ओळखू येते. पहिलटकरणीच्या कळाही बहुधा अधिक लांबतात. मूल हाती आले तरी गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे ६ आठवडे जातात. आपल्या आज्या बाळंतिणीला सव्वा महिना जपत. त्यात सोवळेओवळे पुष्कळ असे. पण विश्रांतीचा हिशेब शरीराच्या हिशेबाशी जवळजवळ जुळतो.

कामगार स्त्रीला हा सव्वा महिना भांडून मिळवावा लागला. बाळंतपणानंतर ६ आठवडे तिला कामावर घेऊ नये, असा आंतरराष्ट्रीय ठराव १९१९ साली वॉशिंग्टनच्या कामगार परिषदेत झाला. मुंबई विधिमंडळात १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी प्रसूती भत्त्याच्या विधेयकास पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९६१ साली देशभर झाला, आणि २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. हे हक्क आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत.

पहिलटकरणीने इतके ध्यानात ठेवावे : प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरले असले पाहिजे, रजेची सूचना लेखी द्यावी, या रजेत असताना मालकाला तिला काढून टाकता येत नाही. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या मिळतात.

तरीही नव्या मुली पोट लपवून काम करतात. कंत्राटदार पुन्हा बोलावणार नाही, ही भीती. हजेरीपटावर नावच नसेल तर ८० दिवस मोजणार कोण? शेतमजूर, ऊसतोडणी करणारी, धुणीभांडी करणारी यांच्या हाती बहुधा पहिल्या मुलासाठी सरकारी योजनेचे ५,००० रुपये, तेही हप्त्याने.

मित्रहो, कायदा कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचला. आपल्या मोरीपर्यंत अजून यावयाचा आहे. आपल्या घरी भांडी घासणारी मुलगी पहिलटकरीण असेल, तर तिचा सव्वा महिना, पगारासह, आपल्याच हाती आहे. घरी गेल्यावर त्याचा विचार व्हावा, एवढीच विनंती.