चेन कसायची, पण किती?

आज गाडीच्या चेनबद्दल बोलू. स्कूटीवाल्यांना हे लागणार नाही, तिच्यात चेन नसून पट्टा असतो. पण नांदेड-लातूरच्या गावांतून दूध, भाजी, गटाचा माल ज्या मोटारसायकलींवर आणि एक्सएलवर बाजाराला जातो, त्यांना चेनच असते.

ढिली चेन स्वतःच सांगते. खड्ड्यात खडखडते, कव्हरला घासते, क्लच सोडला की झटका देते. फारच ढिली झाली तर उतरते आणि मागचं चाक जाम करू शकते. कव्हर वाजतं म्हणून काही जण ते काढूनच टाकतात. ते होऊ देऊ नका. बहुतेक गाड्यांची चेन डावीकडं असते, आणि साडी नेसून आपण पाय सोडून बसतो तेही डावीकडंच.

मग मिस्त्रीला सांगितलं जातं, "चांगली कसून टाक." आमचा विरोध इथंच आहे. कडक चेन फारशी वाजत नाही, गुपचूप नुकसान करते. दोन माणसं आणि दुधाची कॅन बसली की शॉकअप दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. आधीच कसलेली असेल तर तो ताण बेअरिंगवर जातो, आणि इंजिनमधलं बेअरिंग गेलं तर इंजिन खोलावं लागतं.

तपासायला गाडी मेन स्टँडवर लावा, किल्ली काढा, गिअर न्यूट्रल. पदर खोचून घ्या. दोन्ही दातेरी चाकांच्या मधोमध खालची चेन बोटानं वर-खाली हलवा. आपल्याकडच्या बऱ्याच 100 सीसीच्या गाड्यांना एकूण 20 ते 30 मिलिमीटर हालचाल लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात असतो. मापायला लेकरांच्या कंपासमधली पट्टी पुरते. पूर्ण कव्हर असेल तर त्यावरचं रबरी बूच काढून बघा. चाक हातानं फिरवत चार जागी मापा, कारण चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. सगळ्यात कडक जागेचं माप धरायचं.

कसण्याचं काम मिस्त्रीनं केलं तरी चालेल, पण बघायचं आपण. मागच्या आसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरले पाहिजेत. खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं. चाक मागं सरकल्यावर ड्रम ब्रेक कडक होतो. चाक मोकळं फिरतं का आणि ब्रेक नीट लागतो का, ते बघूनच गाडी ताब्यात घ्या.

पावसाळ्यात आपली काळी माती चेनला चिकटते, वाळली की झिजवते. ब्रशनं काढा, पुसून कोरडी करा, मग चेनचं तेल सोडा. साधारण 500 किलोमीटरला एकदा, चिखलात त्याआधीच. पेट्रोलनं धुऊ नका. आणि इंजिन चालू ठेवून चेन पुसायची सवय घरात कुणाला असेल तर आजच मोडा, बोटं जातात.

मागच्या दातेरी चाकावरची चेन मागं ओढली आणि दात अर्धा उघडा पडला, तर ती चेन संपली. कसून उपयोग नाही. तेव्हा नुसती चेन बदलू नका, दोन्ही दातेरी चाकांसह पूर्ण चेन-सेट घ्या. झिजलेले दात नवी चेनही लवकर खातात.