जुना ऑफिस पीसी ओव्हरक्लॉक करावा का? स्पीडचं खरं गणित समजून घ्या

ऑफिसांमधून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात कमी किमतीत मिळतात. मुलांचा अभ्यास, टॅली किंवा कोडिंग शिकण्यासाठी अनेक घरांत असाच पीसी येतो. तो स्लो वाटू लागला की सल्ला मिळतो, 'प्रोसेसर ओव्हरक्लॉक कर, फुकटात स्पीड वाढेल.' खरंच वाढतो का? 'डेल ऑप्टिप्लेक्स ७९०' आणि त्यातला इंटेल कोअर आय५-२४०० प्रोसेसर हे उदाहरण घेऊन पाहूया.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक आणि मल्टिप्लायर या दोन आकड्यांचा गुणाकार. आय५-२४०० मध्ये बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ३१, म्हणून वेग ३.१ गिगाहर्ट्झ. गरजेनुसार टर्बो बूस्ट तो आपोआप ३.४ पर्यंत नेतो. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपुढे यातला एखादा आकडा वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

पूर्वी जमायचं, मग इथे का नाही?

१९९८ मधला सेलेरॉन ३००ए यासाठी प्रसिद्ध होता. बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चालायचा.

२०११ च्या 'सँडी ब्रिज' पिढीत ही वाट जवळपास बंद झाली. मल्टिप्लायर पूर्ण मोकळा फक्त 'के' मॉडेलमध्ये मिळतो, उदाहरणार्थ आय५-२५००के. आय५-२४०० त्यात बसत नाही. बेस क्लॉक वाढवावा, तर त्याच घड्याळावर पीसीआय एक्सप्रेस, साटा आणि यूएसबीही चालतात. तीन ते पाच टक्क्यांपुढे गेलं की पीसी हँग होणं, हार्डडिस्क न सापडणं, डेटा खराब होणं असे प्रकार सुरू होतात.

त्यातून ऑप्टिप्लेक्ससारख्या ऑफिस पीसीच्या बायोसमध्ये या सेटिंग्जच नसतात. 'के' प्रोसेसर बसवला तरी क्यू६५ चिपसेट मल्टिप्लायर वाढवू देत नाही.

धोका किती?

प्रोसेसर किती वीज खाणार, हे वेग आणि व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतं. दोन्ही १० टक्के वाढवले तर वीज आणि उष्णता साधारण ३३ टक्क्यांनी वाढते. ऑप्टिप्लेक्स ७९० च्या छोट्या कॅबिनेटमध्ये २४० वॉटचा पॉवर सप्लाय असतो, तर प्रोसेसर एकटाच ९५ वॉटचा आहे. पंखाही तेवढ्याच हिशेबाने दिलेला असतो.

आणि फायदा? पाच टक्के वाढ टिकली, तरी २० सेकंदांचं काम फार तर १९ सेकंदांत होईल.

मग स्पीड कुठे अडतो?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि पीसी अडखळतो तेव्हाचे आकडे पाहा.

• डिस्क १०० टक्के: हार्डडिस्क काढून साटा एसएसडी लावा. सर्वात मोठा फरक इथेच जाणवतो. आधी डेटाचा बॅकअप घ्या.

• मेमरी ९० टक्क्यांच्या आसपास: ४ जीबी रॅम असेल तर ८ जीबी करा. या मॉडेलला डीडीआर३ लागते.

• सीपीयू सतत १०० टक्के: त्याच सॉकेटमध्ये बसणारा आय७-२६०० शोधा. तोही ९५ वॉटचाच आहे, मात्र चार कोअरवर आठ थ्रेड चालवतो.

• पंखा जोरात, तरी पीसी स्लो: धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदला. प्रोसेसर जास्त तापला की स्वतःच वेग कमी करतो.

खर्चाआधी हे पाहा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आय५-२४०० दुसऱ्या पिढीचा आहे. त्यामुळे याच पीसीवर राहायचं तर लिनक्सचा विचार करावा लागेल.

पैसे मोजकेच असतील तर आधी एसएसडी घ्या. उद्या पीसी बदलला तरी ती नव्या मशीनमध्ये लावता येते, डीडीआर३ रॅम मात्र जुन्यातच राहते. साफसफाईचा खर्च तर किरकोळच. ओव्हरक्लॉकिंगचा नंबर या यादीत येतच नाही.