मोटारीतील ऋतूंचा कारभार

शहापूर-मुरबाडच्या ज्या मुलखात थंडीचा अंमल जेमतेम पौष-माघापुरता, आणि तोही पहाटेच्या प्रहरीच चालतो, तेथे मोटारीत उबेची तजवीज कशासाठी, असा प्रश्न कोणासही पडावा. परंतु आषाढातल्या मुसळधार पावसात शहापुराहून डोळखांबकडे निघालेल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या गाडीच्या पुढील काचेवर आतून वाफ धरते आणि समोरचे वळणच दिसेनासे होते, तेव्हा त्याचे उत्तर चालकास तत्काळ मिळते.

हिटरचे मूळ एंजिनाच्या उधळपट्टीत आहे. इंधनातील ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग कूलंटच्या खाती जमा होतो, आणि 90 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला हा द्रव रेडिएटरमध्ये जाऊन ती उष्णता वाऱ्यावर सोडून देतो. त्यातलाच काही द्रव डॅशबोर्डामागच्या एका लहानशा रेडिएटरमधून खेळविला आणि त्यावरून ब्लोअरने हवा सोडली, की जवळजवळ काहीही जादा जळण न लागता ऊब मिळते. बाहेरची हवा गाळून आणि तापवून आत घेण्याची ही रीत अमेरिकेतील नॅश कंपनीने 1938 मध्ये प्रचारात आणली, आणि पुढे ती ‘वेदर आय’ या नावाने ओळखली गेली.

शीतकरणाचे खाते मात्र खर्चिक. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर वायू दाबतो. तो वायू कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रवरूप होतो. आणि पुढे दाब एकाएकी उतरताच इव्हॅपोरेटरमध्ये पुन्हा वायुरूप होताना आतल्या हवेतील उष्णता शोषून घेतो. त्या थंड नळ्यांवर हवेतला ओलावाही पाणी होऊन साचतो आणि गाडीखाली ठिबकत राहतो.

या दोन खात्यांमधला वाटा ठरविते ती एक साधी झडप. आपण फिरवितो त्या निळ्या-लाल खुणांच्या बटणाच्या हुकुमाने ती थोडी हवा हिटरवरून नेते, थोडी तशीच सोडते. 1964 मध्ये कॅडिलॅकने हा हुकूम माणसाच्या हातून काढून तापमान ओळखणाऱ्या संवेदकांकडे सोपविला, आणि स्वयंचलित वातानुकूलन सुरू झाले.

पावसाळ्यात या दोन्ही खात्यांना एकत्र कामास लावणे हेच शहाणपणाचे होय: एसीने हवा कोरडी करावी, हिटरने ती कोमट करावी, आतलीच हवा फिरविण्याची कळ बंद ठेवावी आणि झोत काचेकडे वळवावा. नुसता थंडगार झोत काचेवर मारला, तर ती इतकी गार होते की वाफ बाहेरच्या अंगाने धरते.

मुरबाडच्या बाजूने माळशेज घाट चढताना एंजिन तापू लागले, तर जाणते चालक भर उन्हातही एसी बंद करून हिटर पूर्ण सोडतात. कारण डॅशबोर्डामागचा तो लहान रेडिएटर मोठ्याच्या मदतीस तैनात होतो, आणि प्रवाशांना घाम फुटला तरी सुरक्षित जागा गाठण्यापुरती एंजिनाला उसंत मिळते. मात्र एंजिन तापलेले असूनही हिटरमधून गार वारा येऊ लागला, तर बहुधा कूलंटच संपत आले आहे असे समजून गाडी तत्काळ उभी करावी, आणि रेडिएटर निवेपर्यंत त्याच्या झाकणास हात लावू नये.