अक्कलदाढ काढलीत? मग पहिले तीन दिवस दर्या विसरा!

दर्यावर्दी मंडळी, हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या दवाखान्याशी एक मोठं नाव जोडलेलं आहे, रूपाबाई फर्दुनजी. १८८९ साली हैदराबाद मेडिकल स्कूलमधून शिकून त्या रुग्णांना क्लोरोफॉर्म देऊ लागल्या. जगातल्या अगदी सुरुवातीच्या बाई भूलतज्ज्ञांपैकी त्या एक. अशा माणसांमुळे आज चिरफाड होताना दुखत नाही. पण भूल उतरल्यावरचं दुखणं? ते आपल्यालाच सांभाळायचं असतं.

अक्कलदाढ काढताना हिरडी कापतात, कधी हाडही थोडं घासतात. म्हणून गाल सुजतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त दिसते, मग उतरायला लागते. त्यामुळे "कालपेक्षा आज जास्त सुजलंय" म्हणून लगेच घाबरू नका.

पहिला दिवस: डॉक्टरांनी दिलेला कापूस सांगितला तेवढा वेळ घट्ट चावून धरा. सारखं थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका. गालावर बाहेरून बर्फ शेका, पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तेवढीच विश्रांती द्या. आपल्याकडे बर्फाला तोटा नाही, पण मासळीच्या पेटीतला नको. घरचा बर्फ स्वच्छ फडक्यात गुंडाळून घ्या. पहिल्या दिवशी गरम शेक नको. झोपताना उशी उंच ठेवा.

गोळी: सुन्नपणा उतरायच्या आधीच, डॉक्टरांनी दिली तीच घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किडनीचा किंवा अल्सरचा त्रास असेल, बाई गरोदर असेल, तर आधी सांगा. शेजाऱ्याची गोळी घेऊ नका.

दुसऱ्या दिवसापासून: जेवल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या करा. पाणी घरचं, दर्याचं नाही! थंड केलेली पेज, दहीभात, मऊ डाळभात खा. मासळी खायचीच तर काटा काढून.

बिडी, तंबाखू, मिश्री आणि दारू बंद. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो आणि तोंडाला घाण वास येतो. असं झालं तर दवाखान्यात जाऊन औषध भरून घ्यावं लागतं.

जाळी ओढायची घाई करू नका, जोर लावला की रक्त सुरू होतं. तांडेलनेही खलाशाला पुन्हा बोटीवर घेताना डॉक्टरांनी हो म्हटलंय का ते विचारा. बोटीवर दंतवैद्य नसतो.

तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढली, ताप, पू आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, रक्त थांबेना, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

आणि सर्वात सोपा उपाय: दाढ कुरकुरत असेल तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीतच दाखवून घ्या. बोट किनाऱ्यावर असते, तेव्हा आपलीही दुरुस्ती करून घ्या!